टाकीतली मोटार

गेल्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी नवी मोटारसायकल घेतली, त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या असतील. पहिली ही की, किल्ली फिरविल्याबरोबर, गाडी सुरू होण्यापूर्वीच, टाकीच्या पोटातून दोन-तीन सेकंद एक बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. दुसरी ही की, टाकीखालचा तो कॉक, ज्याची दांडी फिरवून आपण 'रिझर्व्ह'ला लागत असू, तो नाहीसा झाला आहे. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच. टाकीत आता एक विजेची मोटार बसली आहे आणि ती अहोरात्र पेट्रोलात बुडून राहते.

ही मोटार कोठून आली, तिला टाकीतच का बसविले, तिच्यात कोणत्या सुधारणा झाल्या आणि तिच्यामुळे गाडीच्या धन्यावर कोणती नवी जबाबदारी येऊन पडली, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. यंत्रशास्त्राची परिभाषा आम्ही होईल तितकी दूर ठेवू. विहिरीवरचा पंप ज्याने पाहिला आहे, त्याला यातले काही अवघड वाटू नये. आणि परभणी जिल्ह्यात विहिरीवरचा पंप न पाहिलेला मनुष्य सापडणे कठीण.

टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत न्यायचे, एवढेच मुळात काम. टाकी वर आणि इंजिन खाली असेल तर ते पृथ्वीच करते, त्याला वेगळे यंत्र लागत नाही. जुनी राजदूत घ्या, बजाजची स्कूटर घ्या, किंवा १९८५ साली आलेली हीरो होंडा सी. डी. १०० घ्या, या साऱ्या गाड्या पेट्रोलाच्या वजनावरच चालल्या. मोटारींचाही आरंभ असाच झाला. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल उताराने इंजिनाकडे जाई. मात्र चढ उभा असला आणि टाकीत पेट्रोल थोडे असले, म्हणजे इंजिन टाकीच्या वर जाई आणि प्रवाह बंद पडे. मग लोक गाडी उलटी फिरवून मागच्या गतीने चढ चढत! ही गोष्ट थट्टेची वाटते, पण ती खरी आहे.

पुढे मोटारींची टाकी सुरक्षिततेसाठी मागे, खाली गेली आणि पंपाची गरज उत्पन्न झाली. तो पंप इंजिनाच्या अंगावरच बसविण्यात आला. त्याची रचना साधी होती. इंजिनातील फिरत्या दांड्याचा उंचवटा एक तरफ हलवी, तरफेने रबरी कापडाचा एक पडदा खाली ओढला जाई, त्या ओढीने टाकीतले पेट्रोल नळीवाटे वर येई आणि पडदा वर उठला की ते पुढे ढकलले जाई. दोन लहान झडपा त्याला मागे जाऊ देत नसत. पडदा फाटला तर कोणताही मिस्त्री नवा पडदा घालून तासाभरात गाडी चालू करून देई. आमच्या पिढीने पाहिलेल्या फियाट गाड्यांचा पंप हाच.

या पंपाचे एक दुखणे मात्र आपल्या मुलखात फार जाणवे. परभणीचा मे महिना म्हणजे बेचाळीस, त्रेचाळीस, कधी चव्वेचाळीस अंश. पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. ते अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातले सर्वांत हलके अंश चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पंप पेट्रोल ओढून घेत असल्यामुळे ओढीच्या नळीतला दाब हवेच्या दाबाहून कमी झालेला असतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. कुकरात नेमके याच्या उलट घडते. अशा रीतीने नळीत वाफ धरली, की पडदा हलतो आहे, झडपा उघडमीट करीत आहेत, आणि पेट्रोल मात्र येत नाही. नुसती वाफ दबते आणि फुगते. मिस्त्री याला 'व्हेपर लॉक' म्हणत. मुंबईतल्या फियाटचे टॅक्सीवाले पंपावर ओले फडके बांधून ठेवीत, ते यासाठी. त्या टॅक्सींची शेवटची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर हे फडकेही गेले.

येथे आपली विहीर आठवावी. काठावर बसविलेला पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो; वस्तुतः नळीतली हवा कमी झाल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर रेटतो. हवेचा दाब रेटून रेटून रेटणार किती? हिशेबाने सुमारे दहा मीटर, व्यवहारात सहा-सात. म्हणून पाणी खोल गेले, की शेतकरी पंप विहिरीत खाली उतरवून ओट्यावर बसवीत असे. पुढे पाणी आणखी खोल गेले, बोअर आले, आणि मोटारीसह सारा पंपच पाण्यात सोडण्यात आला. त्याला आपण 'सबमर्सिबल' म्हणतो. ओढण्याला हवेच्या दाबाची मर्यादा आहे. पाण्यात बसून वर ढकलण्याला ती नाही. शंभर-शंभर मीटर खोलीचे पाणी याच युक्तीने वर येते, आणि भोवतीचे पाणी मोटारीला थंड ठेवते हा वरचा लाभ. मोटारगाडीच्या इंधनपंपाची गोष्ट याहून वेगळी नाही. काठावरून तो टाकीत उतरला, एवढेच. पण तेथपर्यंत येण्यास त्याला बराच काळ लागला.

विजेवर चालणारा पंप त्यापूर्वीही होता. मॉरिस मायनर गाडीत 'एस. यू.' पंप असे. त्यात फिरती मोटार नव्हती. एक विद्युतचुंबक पडदा ओढी, शेवटाला आल्यावर वीज तोडणारे टोक उघडे, स्प्रिंग पडद्याला परत ढकली, आणि पुन्हा वीज जोडली जाई. त्याची टक् टक् चालकाला ऐकू येई. टोके जळून काळी पडली की टक् टक् बंद. मग चालक उतरून पंपावर पान्याने हलकेच ठोका मारी, आणि गाडी चालू होई. हा पंप इंजिनाच्या हालचालीपासून मोकळा झाला, हे पुढचे पाऊल होते. परंतु त्याचा दाब फार थोडा होता.

जास्त दाबाची गरज कार्बोरेटर गेल्यावर पडली. कार्बोरेटरला पेट्रोल नुसते पोहोचविले की पुरे. ते आपले आपण हवेत मिसळते. फ्यूएल इंजेक्शनमध्ये तसे चालत नाही. तेथे पेट्रोल सूक्ष्म छिद्रातून धुक्यासारखे फवारावे लागते, आणि किती फवारायचे याचा हिशेब एक लहान संगणक छिद्र उघडे ठेवण्याच्या वेळेवरून करतो. दाब अचूक असेल तरच हा हिशेब जुळणार. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीवर विजेने नियंत्रित होणारी अशी योजना बसविली, तेव्हा तिच्यासोबत विजेच्या मोटारीवर चालणारा पंप आला. १९७१ च्या शेव्हरोले 'व्हेगा' गाडीत विजेचा पंप थेट टाकीत गेला. आजच्या साध्या पेट्रोलगाडीत या पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या आसपास असतो. म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेहून अधिक. इतक्या दाबाखाली नळीतले पेट्रोल परभणीच्या उन्हातही सहसा उकळत नाही. ओल्या फडक्याची गरज संपली ती अशी. काही नव्या मोटारींत याच्याही कितीतरी पट दाब लागतो. त्यासाठी इंजिनावर दुसरा पंप असतो. पण त्यालाही पेट्रोल पुरविणारी मोटार टाकीतलीच.

आपल्या देशात हा बदल हवेच्या शुद्धतेच्या कायद्याने घडविला. १९९९ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरात युरोपीय धर्तीचे धुराचे नियम लागू करण्याचा आदेश दिला, आणि पाठोपाठ छोट्या मोटारींचेही कार्बोरेटर गेले. मोटारसायकलींत हीरो होंडाने २००६ साली 'ग्लॅमर'ला इंजेक्शन लावून पाहिले होते. पण ते थोड्यांच्याच वाट्याला आले. १ एप्रिल २०२० रोजी 'भारत स्टेज ६' हे नियम देशभर लागू झाले आणि जवळजवळ प्रत्येक नव्या मोटारसायकलीत इंजेक्शन आले. तोवर जो पंप शहरातल्या मोटारवाल्यांपुरता होता, तो जिंतूर, पालम, सोनपेठच्या खेड्याखेड्यांत पोहोचला. एखादे यंत्र इतक्या लोकांच्या घरी इतक्या थोड्या अवधीत जावे आणि त्याची कोणाला वार्ताही नसावी, याचे आम्हांस नवल वाटते.

पेट्रोलात विजेची मोटार, आणि तीही घासत्या ब्रशांची, ज्यांच्याखाली ठिणगी उडते! हे ऐकून काही जण दचकतील. दचकण्याचे कारण नाही, ते का ते पाहा. जळण्यास इंधनाइतकीच हवाही लागते. पेट्रोलाची वाफ हवेत शेकडा दीडपासून साडेसातपर्यंत असेल तेव्हाच ती पेट घेते. मोटारीच्या आत तर निव्वळ द्रव पेट्रोल असते, तेथे हवाच नाही. टाकीतल्या मोकळ्या जागेतही पेट्रोलाची वाफ इतकी दाट असते की ती वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाते. धोका आहे तो टाकीच्या बाहेर, गळक्या नळीपाशी. म्हणूनच इंजिन बंद पडले की संगणक पंप लगेच थांबवितो. किल्ली फिरवल्यावर गुणगुण दोन-तीन सेकंदांत थांबते तीही यामुळेच. पंप दाब भरून ठेवतो आणि इंजिन फिरले नाही तर स्वस्थ बसतो.

आता मोटारीच्या आत डोकावू. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. ती फिरत्या गुंडाळ्यांना पोचवायची आणि योग्य क्षणी उलटवायची, तर तांब्याच्या पट्ट्यांचे कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कोळशाचे ब्रश लागतात. पेट्रोल खालून आत शिरते, याच गुंडाळ्यांवरून व ब्रशांवरून वाहत वर जाते आणि बाहेर पडते. तेच मोटारीची उष्णता वाहून नेते आणि तेच तिचे वंगण. पेट्रोल हे वंगण म्हणून अगदी दरिद्री. तरी त्याच्यावर भागवावे लागते. ब्रश झिजतात, ही एक मर्यादा. दुसरी मर्यादा तांब्याची. पेट्रोलातला गंधक तांब्याला काळे करतो. 'भारत स्टेज ६' च्या पेट्रोलात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहाच्या आत आणले गेल्यामुळे तो त्रास उणावला; पण त्याच्या जागी मद्यार्क आला.

मद्यार्काशी आपल्या जिल्ह्याचा संबंध निकटचा आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आणि गोदाकाठच्या पाण्यावर पाथरी, मानवत, गंगाखेडकडे ऊस उभा राहतो, आणि उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलात मिसळते. हे मिश्रण वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट प्रथम २०३० चे होते. ते २०२५ सालीच गाठले गेले. उसाच्या शेतकऱ्याला यात लाभ आहे हे खरे. पंपाला मात्र हे पेट्रोल निराळे पडते. शुद्ध पेट्रोल वीज जवळजवळ वाहू देत नाही. इथेनॉल, विशेषतः त्यात पाण्याचा अंश शिरला म्हणजे, थोडी वाहू देते, आणि मग दोन तारांमधल्या धातूची हळूहळू झीज होऊ लागते. शिवाय एक लिटर इथेनॉलात पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांशच शक्ती असल्यामुळे तेवढ्याच अंतराला इंधन शेकडा सात या मानाने जास्त पुरवावे लागते. पुण्याची 'ए. आर. ए. आय.' ही १९६६ साली स्थापन झालेली मोटारसंशोधन संस्था, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइल यांनी वीस टक्के मिश्रणावर चाचण्या केल्या त्या अशाच शंकांपोटी. पंप करणाऱ्यांनी यावर जो उपाय शोधला तो सुबक आहे. कम्युटेटरचा घासणारा पृष्ठभागच त्यांनी तांब्याऐवजी कोळशाचा केला. कोळशावर कोळसा घासतो. मद्यार्क त्याला खात नाही, गंधकही खात नाही.

मोटारीखालचे चक्र हा आणखी एक नाजूक अवयव. पूर्वी तेथे लहान रूळ भिंतीला दाबून पेट्रोल पुढे सारीत. त्यांचा आवाज होई. आता बहुधा कडेला बारीक दाते असलेली प्लास्टिकची चकती असते. ती अतिशय वेगाने फिरते आणि दात्यांच्या झोताने दाब चढवीत नेते. चकती व भिंत यांमधली फट केसाच्या जाडीहूनही कमी. फट वाढली तर दाब पडतो, नाहीशी झाली तर चकती अडकते. हे किती जपावे लागते याचा धडा २०२० साली मिळाला. त्या जूनमध्ये होंडाने भारतात ६५,६५१ मोटारी पंपाच्या चकतीतील दोषामुळे परत बोलावल्या. पुढल्याच महिन्यात मारुती सुझुकीने पंपातीलच संशयित दोषासाठी १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. जगभरात जपानच्या डेन्सो कंपनीचे लक्षावधी पंप त्या सुमारास बदलावे लागले. तेथे दोष असा निघाला की, चकतीचे प्लास्टिक हवे तितके घट्ट नव्हते. ते पेट्रोल शोषून फुगे, वाकडे होई आणि भिंतीला घासे. चालत्या गाडीचे इंजिन हमरस्त्यावर बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ. अशा बोलावण्याचा निरोप आला तर गाडी फुकट दुरुस्त करून मिळते. तो कागद केराच्या टोपलीत टाकू नये.

आता थोडा हिशेब. मोटारीचा साधा पंप बारा व्होल्टवर चार अँपियर घेतो असे धरा. म्हणजे ४८ वॅट. तो तासाला ८० लिटर पेट्रोल तीन किलोच्या दाबाने ढकलतो असे धरले, तर त्याचे प्रत्यक्ष काम पावणेसात वॅटांहून थोडे कमीच भरते. बाकीची वीज उष्णता होऊन पेट्रोलातच जाते. पण खरी मौज पुढे आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने, लिटरला वीस किलोमीटर चालणारी गाडी तासाला पेट्रोल पिते फक्त तीन लिटर. उरलेले ७७ लिटर पंप उचलतो आणि परत टाकीत सोडतो. पूर्ण वेगाने घाट चढताना कमी पडू नये, बॅटरी उतरलेली असतानाही पुरावे, म्हणून पंप मोठा ठेवावा लागतो आणि तो दिवसभर मोठ्याच्याच तोऱ्यात चालतो. ही ४८ वॅट वीज शेवटी पेट्रोलातूनच निघते. जनित्राचे आणि इंजिनाचे नुकसान जमेस धरून आमच्या ढोबळ हिशेबाने ती तासाला पस्तीस-एक मिलिलिटर पेट्रोल खाते. तीन लिटरांत पस्तीस मिलिलिटर म्हणजे शेकडा एकाहून थोडे अधिक. एका गाडीला हे किरकोळ. पण देशभरच्या गाड्यांचा विचार करणाऱ्या अभियंत्याला ते किरकोळ वाटत नाही.

म्हणून ब्रश नसलेली मोटार आली. तिच्यात गुंडाळ्या स्थिर असतात आणि मधला लोहचुंबक फिरतो. वीज उलटविण्याचे काम ब्रशांऐवजी ट्रान्झिस्टर करतात. बॅटरीच्या विजेतून ते तीन फेजची वीज घडवितात. म्हणजे इंधनपंपाची मोटार आता आपल्या बोअरच्या थ्री-फेज मोटारीच्या नात्यात आली. ब्रश नाहीत, तेव्हा त्यांची झीज नाही, ठिणगी नाही, घर्षणात वाया जाणारी वीजही नाही. आणि मुख्य म्हणजे तिचा वेग हवा तसा कमी-अधिक करता येतो. गाडी चौकात उभी असेल तर पंप मंद, घाटात असेल तर वेगवान. पेट्रोल टाकी-इंजिन-टाकी अशा व्यर्थ फेऱ्या घालीत नाही आणि तापतही नाही. ही मोटार महाग आहे, तिला वेगळा नियंत्रक लागतो, म्हणून ती आधी भारी गाड्यांत आली.

या साऱ्या सुधारणांत गाडीच्या धन्याच्या वाट्याला काय आले? एक तर रिझर्व्हचा कॉक गेला, आणि त्याबरोबर पेट्रोल संपेपर्यंत गाडी रेटण्याची सवयही जायला हवी होती. ती गेलेली नाही. बोअरचे पाणी खाली गेल्यावर मोटार कोरडी चालली तर काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. टाकीतल्या मोटारीचेही तेच. हवा ओढू लागली की तिचे वंगणही जाते आणि थंडावाही. दिव्याने खूण केली की पंपावर जावे. काटा तळाला टेकण्याची वाट पाहू नये. दुसरे, पाणी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी आपल्यात जिरविते, पण मर्यादा ओलांडली की मद्यार्क आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पंपाचे तोंड तळाशीच असते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासणे, डब्यातून आणलेले पेट्रोल गाळल्यावाचून न ओतणे आणि महिनोन् महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी न ठेवणे, एवढे केले तरी पुष्कळ.

एक तक्रार मात्र आम्ही नोंदवून ठेवतो, आणि ती कोणा एका कारखान्याविरुद्ध नाही. बोअरची मोटार जळली तर ती काढून दुकानात नेतात आणि रिवाइंड करून आणतात. पूर्वीचा पडद्याचा पंपही उघडता येई. आजचा पंप मात्र बंद डब्यासारखा असतो. बहुधा गाळणी, दाबाचे नियंत्रण आणि काट्याचा तरंगता खटका हे सारे त्याच्यासह एकाच चौकटीत बसविलेले असते, आणि एक बिघडले की पुष्कळदा सगळा संच घ्यावा लागतो. निदान गाळणी आणि मोटार सुटी मिळावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

तेव्हा संच बदलण्यापूर्वी मिस्त्रीकडून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. किल्ली फिरवली आणि गुणगुण आलीच नाही, तर प्रथम फ्यूज, रिले आणि बॅटरी तपासावी. मोटारीपर्यंत बारा व्होल्ट पोचत नसतील तर दोष तिचा नाही. गुणगुण येते पण गाडी धरत नाही, तर दाबमापक लावून दाब पाहावा. आणि दाब उणा भरला, तर मोटारीला दोष देण्याआधी खालची गाळणी काढून उजेडात धरावी. टाकीतल्या गंजाने आणि गाळाने ती पुष्कळदा तपकिरी झालेली असते.